डोक्याशी बसणाऱ्या बाई

बाई,

काल कॉलेजात तुमच्यासाठी सभा झाली. मी मागे दाराजवळ बसले होते. टेबलावर तुमचा फोटो होता आणि त्याला घातलेला हार एवढा जाड होता की तुम्ही हनुवटीपर्यंत फुलांत बुडाल्या होत्या. तुम्ही असत्या तर म्हणाल्या असत्या, "आधी हे गळ्यावरचं काढा, श्वासाची वाट मोकळी ठेवा." माझ्या मनात हे आलं आणि मला हसू फुटलं. मी पदर तोंडाला लावला. शेजारच्या सिस्टरनं माझ्या पाठीवर हात ठेवला. तिला वाटलं मी रडते आहे. तेही खोटं नव्हतं.

भाषणं चांगली झाली. तुम्ही भुलीचा विभाग कसा उभा केला, यंत्रं कशी मिळवली, तुमच्या हाताखाली शिकलेले डॉक्टर आज कुठे कुठे आहेत, सगळं सांगितलं. मग विभागाचे आताचे मुख्य उठले. तुमचाच विद्यार्थी, जो पहिल्या वर्षी सिलिंडर उघडताना डोळे मिटायचा. तो फार मायेनं बोलला. पण मध्येच म्हणाला, "सुरुवातीला बाईंच्या हातून एक दुर्दैवी चूक झाली, तरी त्या खचल्या नाहीत." पुढच्या रांगेत तुमच्या वहिनी बसल्या होत्या. त्यांची पाठ एकदम ताठ झाली ती मला मागून दिसली.

संध्याकाळी धरमपेठेत तुमच्या घरी मी चहाचे कप गोळा करत होते, तेव्हा वहिनींनी विचारलं, "यमुना, तू होतीस ना तेव्हा तिथे? खरंच चुकलं होतं का गं मालूचं?"

मी कप घेऊन आत गेले आणि नळ सोडला.

तुम्हाला माहीत आहे, मला चार माणसांत बोलता येत नाही. तुम्हीच म्हणायच्या, यमुना आपणहून बोलायला लागली तर समजावं कुठेतरी आग लागली आहे. म्हणून लिहिते आहे. चौथीपर्यंतची शाळा, अक्षर वाकडं, पण हे कुणाला दाखवायचं नाही. तुमच्याशीच बोलायचं आहे. वहिनींना काय सांगू, ते तुम्हालाच विचारायचं आहे.

आजच्या पोरींना सांगून खरं वाटत नाही की तेव्हा भूल देणाऱ्याला दवाखान्यात जागाच नव्हती. सर्जरी होती, मेडिसीन होतं, बायकांचं होतं, डोळ्यांचं होतं. भूल म्हणजे सर्जरीच्या घरातलं आश्रित. तुम्ही एवढं शिकून आल्या होत्या, पण तुमची बॅग खिडकीत आणि तुम्ही स्टुलावर. ऑपरेशनच्या फळ्यावर रोग्याचं नाव, ऑपरेशनचं नाव आणि सर्जनचं नाव लिहायचे. डोक्याशी कोण बसणार ते लिहायची पद्धत नव्हती. रोगी बरा झाला की घरचे लोक संत्र्यांची टोपली घेऊन यायचे आणि सरळ मोठ्या साहेबांच्या खोलीत जायचे. सर्जरीच्या मुख्यांना सगळे मोठे साहेबच म्हणायचे. मला त्या टोपल्यांचा राग यायचा. तुम्ही म्हणायच्या, "अगं, त्यांनी मला पाहिलं तेव्हा ते झोपत होते. झोपताना पाहिलेलं माणूस कुणाला आठवतं?"

मे महिन्यात भुलीच्या इथरच्या बाटल्या आपण ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायचो, नाहीतर नागपूरचं ऊन ते बुचासकट उडवून न्यायचं. मी थेटरात नवीच कामाला लागले होते, पोत्यावर पाणी मारायचं काम माझं. पहिल्या दिवशी मी घाबरून लांबून मारलं आणि सगळं तुमच्या साडीवर. तुम्ही रागावल्या नाहीत. म्हणालात, "बरं झालं, मला गार वाटलं." त्या दिवसापासून मी तुमची झाले.

आणि मग सुमन.

सतरा वर्षांची होती. नरखेडकडच्या खेड्यातून आली होती. अपेंडिक्सचं ऑपरेशन, ठरवून केलेलं, घाईचं नाही. आदल्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टरनं तिच्या आईला बजावलं होतं, रात्रीपासून काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. सकाळी मी ट्रॉली आणली. तुम्ही दारातच सिस्टरला विचारलंत, "उपाशी आहे ना?" ती म्हणाली, "हो बाई." तेव्हा एवढंच विचारायची रीत होती.

सुई दिल्यावर ती झोपली आणि लगेच तिला उलटी झाली. तुम्ही तिची मान वळवली, टेबलाचं डोकं खाली करायला सांगितलं, नळी घालून ओढत राहिलात. मी हँडल फिरवत होते. नळीतून पांढरं आलं. मोठे साहेब म्हणाले, "हे काय?" तुम्ही हात थांबवले नाहीत. ऑपरेशन झालंच नाही. पण जे छातीत उतरायचं ते उतरलं होतं.

तिचा श्वास जरा सुरळीत झाल्यावर तुम्ही मला कोपऱ्यात बोलावलं. "वॉर्डात जा. आईला भेट. ओरडू नकोस, घाबरवू नकोस. सकाळी काही घेतलं होतं का, एवढंच विचार."

आई व्हरांड्यात बसली होती. मांडीशी पितळेचा गडू, वर फडकं बांधलेलं. मी म्हटलं, "माय, पोरीनं सकाळी काही घेतलं होतं का?"

"नाही वं बाई. पाण्याचा थेंब नाही देला. रातभर पाणी पाणी करत होती, पण मी नाही देला." तिनं अभिमानानं सांगितलं. मग गडूवर हात ठेवून म्हणाली, "निंगताना फक्त दही-साखर देली. चांगल्या कामाले जाताना तोंड कोरडं नाही ठेवत ना. घरून विरजण लावूनच आणलं होतं मी. पोरीले इतकं गोड लागलं, वाटीभर खाल्लं. झालं का तिचं?"

तिनं काही लपवलं नव्हतं, बाई. तिच्या हिशेबी ते खाणंच नव्हतं. परीक्षेला जाताना, प्रवासाला जाताना, कोर्टात जाताना आपल्याकडे कोणती आई हातावर दही-साखर ठेवत नाही? मीही ठेवत होते.

मी परत येऊन तुमच्या कानात सांगितलं. तुम्ही डोळे मिटले. मग विचारलंत, "आणखी कुणाला बोललीस?"

"नाही."

"बोलू नकोस. कुणालाही नाही."

तिसऱ्या दिवशी सुमन गेली, शुद्धीवर न येताच.

मोठ्या साहेबांच्या खोलीत चौकशी बसली तेव्हा मी पाण्याचे पेले घेऊन आत होते. एक डॉक्टर म्हणाले, "पोटात अन्न आलं कुठून? नातेवाइकांना आत बोलवा, विचारू." तुम्ही म्हणालात, "त्यांना बोलवायची गरज नाही. पोट रिकामं आहे की नाही हे बघणं भूल देणाऱ्याचं काम. मी सिस्टरच्या शब्दावर राहिले. मुलीला मी स्वतः विचारलं नाही."

मोठे साहेब तुमच्याकडे बघत राहिले. ते वाईट नव्हते. त्यांना तुम्हाला वाचवायचं होतं. म्हणाले, "मालतीबाई, जरा विचार करून बोला."

"विचार करूनच आले आहे."

झालं. त्या दिवसापासून जिन्यावर, वॉर्डात, कँटीनमध्ये एकच वाक्य, भूल देणाऱ्या बाईच्या हातून पोरगी गेली. ते आईच्या कानावर गेलं नसतं तरच नवल. फाटकाजवळ तिनं तुम्हाला गाठलं आणि तुमच्या तोंडापुढे कडाकडा बोटं मोडली. मी तुमच्या मागेच होते. एक शब्द बोलले असते तर तिचे हात जागच्या जागी थांबले असते. तुम्ही मागे वळून माझ्याकडे नुसतं पाहिलंत. मग रिक्षात जाऊन बसलात. रिक्षावाल्यानं कुठे जायचं ते दोनदा विचारलं.

त्यानंतर ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही घरी जाणं बंद केलं. मला घेऊन वॉर्डात जायच्या आणि खाटेच्या कडेवर टेकायच्या. डॉक्टर खाटेवर बसलेला वॉर्डानं तोवर पाहिला नव्हता. काटोलकडची एक सासू मला अजून आठवते. तुम्ही विचारलंत, "उद्या निघताना सुनेच्या हातावर काय द्याल?"

"काही नाही बाई. डाक्टरनं मना केलं."

"आणि दही-साखर?"

"ते त द्याच लागते ना. ते काय खाणं आहे का?"

"उद्या तेही नाही. ती खायला लागेल त्या दिवशी पहिला घास तुमच्या हातचा. मी स्वतः तुम्हाला बोलवीन."

"अन् अपशकुन झाला तं?"

"तर माझ्या डोक्यावर."

सासूनं तुम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "लगन झालं का तुमचं?"

"नाही."

"मंग तुमाले सासूचं मन काय समजते."

तुम्ही जिना उतरताना कठडा धरून हसत होत्या. सुमननंतर मी तुम्हाला पहिल्यांदा हसताना पाहिलं. पण दुसऱ्या दिवशी ती सून उपाशी आली, अगदी उपाशी, आणि जिवंत परत गेली. सासूला बोलवायला तुम्ही मला पाठवलं होतं. तिनं सुनेला भरवलं आणि उरलेलं माझ्या हातावर ठेवलं.

मोठे साहेब म्हणायचे, "मालतीबाई भूल देतात की कीर्तन करतात?" सगळे हसायचे. पण फळ्यावरच्या नावांवर संध्याकाळी तुमची खूण पडल्याशिवाय सकाळी ट्रॉली हलायची नाही, असं हळूहळू झालं. कुणी हुकूम काढला नव्हता. वॉर्डबॉयच म्हणायला लागले, "बाई येऊन गेल्या का?"

त्यातूनच उखाण्यांचं निघालं. भूल देताना तुम्ही सगळ्यांना एक ते दहा आकडे म्हणायला लावायच्या. एका बाईनं टेबलावर पडल्या पडल्या हात जोडले. "मले गिनती नाही येत. शाळेत नाही गेली मी. नाव घेऊ का?" तुम्ही म्हणालात, घ्या. तिनं सुरू केलं, "संत्र्याच्या बागेत दंडानं पाणी वाहते," आणि झोपली. मोठे साहेब चाकू हातात घेऊन उभे. म्हणाले, "अरे, नाव राहिलं की." सगळं ऑपरेशन होईपर्यंत ते मधून मधून विचारत होते, काय असेल हो नाव? संपल्यावर ती हळूहळू शुद्धीवर आली. डोळेही उघडले नव्हते आणि ओठ हलले, "नामदेवरावची भाकर घेऊन बांधावर उभी राहते." तिला वाटलं ती मध्ये थांबलीच नव्हती. मोठ्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग बायका ट्रॉलीवर बसल्या बसल्याच उखाणे जुळवत यायच्या. तुम्हाला किती जणींचे नवरे नावानिशी पाठ होते.

पण एवढ्यानं विभाग होत नसतो. ते त्या दिवशी कळलं, ज्या दिवशी एका मोठ्या जमीनदाराच्या, मालगुजाराच्या घरची सून ऑपरेशनला यायची होती. संध्याकाळी सगळं ठीक होतं. सकाळी तुम्ही डोक्याशी बसून सहज विचारलंत, "आज देवापुढे काय ठेवलं?" ती म्हणाली, पेढे. "तुम्हाला किती मिळाले?" दोन, म्हणाली. तुम्ही उठलात. "आज नाही."

मोठे साहेब हात धुऊन, गाऊन चढवून उभे होते. "मालतीबाई, तुम्ही भूल द्यायची. ऑपरेशन कधी ते मी ठरवतो."

"आज नाही."

"मी गाऊन घातला आहे."

"मग उतरवा."

शिकाऊ डॉक्टर पोरं मास्कच्या आत ओठ चावत होती. साहेब लालबुंद झाले. मला भीती वाटली की ते दुसऱ्या कुणालातरी इथर टाकायला सांगतील, आणि त्यांना तो अधिकार होता. तुम्हाला नाही म्हणायचा अधिकार नव्हता. तुम्ही यंत्रावर हात ठेवून उभ्या राहिलात. साहेबांनी गाऊन उतरवला. पण बाहेर जाताना म्हणाले, "आज मी ऐकलं. उद्या दुसरा ऐकणार नाही."

तुम्ही नंतर म्हणालात, "बरोबर बोलले ते. म्हणूनच वेगळा विभाग पाहिजे. माझं 'नाही' हे कुणाच्या मर्जीवर नको."

तुम्ही अर्ज केला. वरून निरोप आला की एकदा मृत्यू घडलेला आहे, तेव्हा भूल सर्जरीच्या देखरेखीखालीच बरी. तुम्ही दुसऱ्यांदा केला, पुन्हा तेच. सुमनचं नाव कुणी घेत नव्हतं, पण प्रत्येक वेळी तीच आडवी यायची.

दुसऱ्यांदा 'नाही' आलं त्या दुपारी आपण कपड्यांच्या खोलीत चहा पीत होतो. मी तुमच्यासाठी पातोडीची भाजी आणली होती. माझ्यानं राहवलं नाही.

"बाई, आतातरी सांगून टाका ना. काहून सोसून राहिल्या?"

"काय सांगू?"

"तुमाले माहीत आहे काय ते."

तुम्ही कप खाली ठेवला. "यमुना, तिला आणखी दोन मुलं आहेत. त्यांना परीक्षेला पाठवताना ती हातावर काय ठेवेल? रोज संध्याकाळी दुधाला विरजण लावते ना ती? ते कसं लावेल?"

"अन् तुमचा विभाग?"

"विभाग पुढच्या वर्षी होईल. तिची मुलगी पुढच्या वर्षी होणार आहे का?"

मला राग आला होता. तुमच्यावर, तिच्यावर, सगळ्यांवर. मी म्हटलं, "पण चूक तिची होती. तुमची नव्हती."

"माझीच होती. आपण 'काही देऊ नका' म्हणतो आणि आपल्याला वाटतं सांगून झालं. तिला कुणी सांगितलं होतं की दहीसुद्धा नाही? कुणी बसलं होतं तिच्या खाटेवर?"

"हे तुम्ही मनाची समजूत घालून राहिल्या."

तुम्ही एक घास खाल्लात. म्हणालात, "आज पातोडी तिखट झाली आहे."

तुमचं असंच होतं. भांडण रंगात आलं की भाजीवर जायचं. किती वर्षं आपण त्या एकाच गोष्टीवर भांडलो, बाई, दर वेळी तिथेच अडकलो. मला अजून कळलेलं नाही, तुम्ही ते मनापासून मानत होत्या की मला गप्प करायला म्हणत होत्या. मनापासून मानत असाल तर एवढं ओझं तुम्ही उगाच उचललंत. आणि नुसतं म्हणत असाल तर मग तुम्हाला ते मला वाटलं त्याहून जड गेलं असणार, कारण सोबतीला कुणी नव्हतं, मी होते ती भांडणारी.

शेवटी विभाग झाला. तिसऱ्या वेळी मोठे साहेबच मीटिंगमध्ये म्हणाले म्हणे, "जी बाई मला नाही म्हणू शकते तिला स्वतःची खोली द्या, नाहीतर मी कधीतरी ऐकणार नाही आणि कुणीतरी मरेल." खोली कोणती दिली, तर तीच धुतलेल्या कपड्यांची. आपण दोघींनी चादरींचे गठ्ठे बाहेर काढले. सुतारानं 'बधिरीकरणशास्त्र विभाग' अशी पाटी ठोकली, ती डावीकडे कलली. तुम्ही म्हणालात राहू दे, आपल्याकडे बघायला मान वाकडी करतील तेवढीच. त्या खोलीत तुम्ही आधी खुर्ची टाकली नाही. दोन खाटा टाकल्या, ऑपरेशननंतर रोगी पूर्ण जागा होईपर्यंत ठेवायला. खुर्ची नंतर आली. फळ्यावर सर्जनच्या नावाखाली दुसरं नाव लिहायला लागले. पहिल्या दिवशी मी ते पुसलं जाईल म्हणून संध्याकाळी फळा धुतलाच नाही.

तुम्ही गेलात त्याच्या आठ-दहा दिवस आधी मी भेटायला आले होते. तुमचा उजवा हात हलत नव्हता, बोलणं अडखळत होतं. मी ठरवून आले होते की आज विचारायचं, बाई, तेव्हा खरं काय मानत होत्या? पण शेजारच्या दोघी बसल्या होत्या आणि वहिनी औषध देत होत्या. तुम्ही डाव्या हातानं माझं मनगट धरलं. बोटं सवयीनं नाडीवर गेली. म्हणालात, "चहा... घेतलास?" मी म्हटलं, घेतला. घेतला नव्हता.

आता वहिनी विचारतात, आणि माझ्याजवळ उत्तर आहे. मोठे साहेब केव्हाच गेले. त्या गडूतल्या दह्यानं काय केलं ते जगात माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. मी बोलले तर काल त्या सभेत जे म्हटलं गेलं ते पुन्हा कुणी म्हणणार नाही. तुम्ही बोलू नकोस म्हणाला होतात हे खरं. पण तेव्हा तुम्ही जिवंत होत्या, तुमच्या नावाचं काय करायचं ते तुम्ही ठरवायच्या. आता कुणी ठरवायचं?

इथवर काल लिहिलं आणि ठेवून दिलं. पुढचं आजचं आहे.

आज सकाळी तुमच्या घरी मी चहा करत होते. पडवीत भेटायला आलेल्या बायका होत्या. एक म्हातारी आली, सोबत तिचा मुलगा, तो इथेच कुठल्यातरी कचेरीत कारकून आहे. मी आतून आवाज ऐकला आणि माझ्या हातातली साखर ओट्यावर सांडली. चेहरा कदाचित ओळखला नसता. आवाज ओळखला.

वहिनींनी विचारलं, "आपण कोण?"

"मी सुमनची माय. माही पोरगी यायच्या हातून गेली होती."

मुलगा म्हणाला, "आई, चाल ना."

"थांब गा. भांडाले नाही आली मी." ती तुमच्या फोटोकडे बघत होती. "लय वर्षं मी यायले शिव्या देल्या. उठता बसता. मंग कवातरी वाटलं, बाई काय मुद्दाम करन का? तिलेबी कोनाच्या मायनं जन्म देला. मानसाच्या हातून होते. मी मनातून सोडून देलं. हे सांगाले याचं होतं, त्या जित्या असताना. पाय नाही उचलला. पोरानं पेपरात फोटू दाखवला, म्हटलं आता नाही गेली तं कवा जाशीन?" तिनं हात जोडले. "मी माफ केलं त्यायले. तेवढंच सांगाले आली."

वहिनी रडायला लागल्या. त्यांनी तिचे दोन्ही हात धरले.

मी दारात ट्रे घेऊन उभी होते. एक वाक्य होतं, बाई. अगदी जिभेवर. वहिनी समोर, ती समोर, चार शेजारणी साक्षीला. तुमच्याच घरात तुमचं नाव स्वच्छ झालं असतं. मी तिच्याकडे पाहिलं. बोटं मोडणारी तीच बाई, पण आता तिचा चेहरा कुठेतरी टेकला होता. तो टेकायला तिला किती वर्षं लागली असतील. माझं वाक्य ऐकून ती उठली असती, मुलाचा हात धरून घरी गेली असती, आणि मग?

तुमचं म्हणणं मला त्या वेळी पटलं, असं मी म्हणणार नाही. तुम्ही इतक्या वर्षांत नाही पटवू शकल्या. फक्त माझं तोंड उघडलं नाही.

मी चहा पुढे ठेवला आणि म्हटलं, "बाईनं हे ऐकाले पाहिजे होतं." ते खरंच होतं.

तिनं मान वर केली. "तू कोन वं?"

"मी तिथं कामाले होती. थेटरात."

"तवाबी?"

"तवाबी."

तिनं बशी खाली ठेवली. "मंग सांग मले. आत नेल्यावर काही बोलली का माही पोरगी? मले कोनी सांगतलंच नाही."

इतक्या वर्षांत तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. चूक कोणाची यावर सगळे बोलले, तुम्ही आणि मीही त्यावरच भांडत राहिलो. पोरीचं शेवटचं बोलणं फक्त आपण दोघींनी ऐकलं होतं. आणि आता मीच उरले होते.

मी सांगितलं. तिला थंडी वाजत होती. बाईंनी तिचे हात हातात घेतले आणि विचारलं, घरी कोण कोण आहे गं? ती म्हणाली, माय आहे, बाबा आहे, आजी आहे, दोन लहाने भाऊ आहेत. बाई म्हणाल्या, आणखी? ती म्हणाली, हरणी आहे. हरणी कोण? आमची गाय. तिले आता वासरू होनार हाये, अन् मी नसली तं ती कोनाले जवळ येऊ नाही देत, मी लवकर... आणि तिथेच झोप लागली. घाबरली नव्हती. गाईचंच बोलत होती.

म्हातारी हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "व्याली होती वं हरणी. त्याच रोजी व्याली, आमी इकडं असताना. कालवड झाली होती." मग माझ्याजवळ सरकली. "अजून एक डाव सांग."

मी पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. तिचा मुलगा खाली बघत ऐकत होता. त्या दोन लहान भावांतला तो एक. वहिनीही ऐकत होत्या, शेजारणीही. एवढ्या माणसांपुढे मी बोलत होते आणि मला लाज वाटली नाही.

ती जाताना मी फाटकापर्यंत गेले. वहिनींनी नंतर परवाचा प्रश्न विचारला नाही. उद्या विचारतील कदाचित. विचारलंच तर सांगेन की बाई स्वतः म्हणायच्या, चूक माझीच.

बाई, तिनं तुम्हाला माफ केलं आहे. फाटकाशी तिनं पुन्हा हात जोडले, तेव्हा मीही जोडले. तुमच्या वतीनं घेतलं मी ते.